कामगंध सापळा नीट कसा लावावा: बुटेनांट यांचे पाच लाख पतंग आणि आपली पऱ्हाटी

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात बांबूला अडकवलेले नरसाळे आणि त्याखाली लोंबणारी प्लॅस्टिकची लांब पिशवी विदर्भात आता कुणाला नवी नाही. सापळे भरपूर दिसतात. जवळ जाऊन पाहावे तर कुणाची पिशवी पावसाच्या पाण्याने फुगलेली, कुणाचे ल्युर (मादी पतंगाचा नराला बोलावणारा वास, म्हणजे कामगंध, भरलेले रबराचे बोंडूक) पोळ्याच्या आधी लावलेले ते दिवाळीपर्यंत तेच, तर कुठे पऱ्हाटीच सापळ्याच्या डोक्यावरून गेलेली. मग तक्रार ठरलेली: सापळे लावले तरी बोंडअळी आलीच. ती येणारच. सापळा म्हणजे ताप मोजायची कांडी. ती काखेत धरून ताप उतरत नाही, पण औषध केव्हा द्यायचे ते कळते.

कांडी वाचता यायची तर तिच्यात काय भरले आहे हे माहीत असावे. त्यासाठी आधी आडोल्फ बुटेनांट या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाकडे जावे लागते. त्यांचा विषय कापूस नव्हता, लैंगिक संप्रेरके हा होता. पण सापळ्यातल्या रबराच्या बोंडकाला कोणत्या हाताने धरावे, हा प्रश्नसुद्धा त्यांच्या कामापाशीच जाऊन पोचतो.

मुताच्या पिंपापासून पतंगापर्यंत

बुटेनांट यांचा जन्म २४ मार्च १९०३ चा, उत्तर जर्मनीतल्या लेहे गावचा. ते गाव आज ब्रेमरहाफेन शहरात मोडते. मारबुर्ग आणि ग्योटिंगेनला शिकून १९२७ मध्ये त्यांनी आडोल्फ विंडाउस यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. त्या प्रबंधाचा विषय रोटेनोन होता, म्हणजे डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांतले कीटकनाशक. पुढे ज्या माणसामुळे किडीच्या नराला वासाने फसवता येऊ लागले, त्याची सुरुवात कीटकनाशकावरच झाली होती.

विंडाउस हे कोलेस्टेरॉल आणि त्याच्या भाऊबंदांचे जाणकार, १९२८ चे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले. लैंगिक संप्रेरकेही त्याच घराण्यातली निघाली. १९२९ मध्ये बुटेनांट यांनी गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून इस्ट्रोन हे स्त्रियांचे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनीही ते स्वतंत्रपणे केले. १९३१ मध्ये पुरुषांचे संप्रेरक अँड्रोस्टेरॉन हाती आले. त्यासाठी बर्लिनच्या पोलिसांचे सुमारे १५,००० लिटर मूत्र गोळा केले होते आणि त्यातून निघाले १५ मिलिग्रॅम. गावातल्या पाण्याच्या टँकरमध्ये साधारण ५,००० लिटर मावते. असे तीन टँकर आटवून चिमूटभर मिठाहूनही कमी माल. १९३४ मध्ये सुमारे ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतून २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन काढले. पुढच्या वर्षी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवले. लेओपोल्ड रुझिच्का यांनी स्वित्झर्लंडमध्ये त्याच सुमारास हेच साधले.

तीन टँकरमधले १५ मिलिग्रॅम नेमके कोणत्या भांड्यात आहेत हे कळायचे कसे? डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास नाही. त्यासाठी खच्ची केलेला कोंबडा ठेवायचा. अर्क टोचल्यावर त्याचा सुकलेला तुरा वाढला तर माल त्या भांड्यात आहे, नाही वाढला तर दुसरे भांडे. जिवंत प्राण्यालाच मोजपट्टी करायचे हे तंत्र पुढे पतंगावर चालले, आणि सापळ्यात आपणही तेच करतो.

बाकीचे चरित्र थोडक्यात. १९३३ पासून डान्झिगला प्राध्यापक, १९३६ मध्ये बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म जीवरसायन संस्थेचे संचालक. त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. चरित्रातून हे गाळून चालणार नाही. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना रुझिच्कांबरोबर विभागून मिळाले, पण हिटलरच्या सरकारने ते घेऊ दिले नाही. पदक आणि प्रमाणपत्र १९४९ मध्ये हाती आले, पैसे नाहीच. युद्धानंतर ट्युबिंगेन, मग म्युनिच. १९६० ते १९७२ माक्स प्लांक सोसायटीचे अध्यक्ष. १८ जानेवारी १९९५ रोजी म्युनिचला निधन.

आपल्या कामाचे वर्ष १९५९. रेशीमकिड्याची मादी पतंग कोशातून निघाली की पोटाचे टोक बाहेर काढून बसते आणि नर पंख फडफडवत तिच्याकडे येतो. तो कशाच्या ओढीने येतो, हे शोधायला बुटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जवळजवळ वीस वर्षे लागली. सुमारे ५ लाख माद्यांच्या पोटाची टोके कापून, त्यांचा अर्क काढून, तो गाळत गाळत शेवटी ६.४ मिलिग्रॅम पदार्थ मिळाला. मोजपट्टी नर पतंग. काचेची कांडी अर्कात बुडवायची, नराच्या मिशांजवळ धरायची. पंख फडफडले तर माल आहे. मग अर्क दहापट पातळ करायचा, पुन्हा धरायचा. या पदार्थाला नाव दिले बॉम्बिकॉल. सोळा कार्बनची साखळी, त्यात दोन दुहेरी बंध. एखाद्या कीटकाचा कामगंध रासायनिकदृष्ट्या ओळखला जाण्याची ती जगातली पहिली वेळ.

त्याच वर्षी पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी अशा पदार्थांना फेरोमोन हे नाव दिले. कार्लसन बुटेनांट यांच्याच तालमीतले. संप्रेरक शरीराच्या आत रक्तातून फिरते आणि आतल्याच अवयवांना काम सांगते. फेरोमोन शरीराबाहेर, हवेतून जाते आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जिवाला काम सांगते. "त्याच जातीच्या" हे शब्द सापळा लावणाऱ्याने पाठ करावेत.

(भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळणाऱ्यांना हे सगळे डोळ्यांनी माहीत आहे. मादी एका जागी बसते, नर लांबून येतो. पण टसरचा पतंग वेगळ्या कुळातला आणि त्याचा वासही वेगळा. बॉम्बिकॉल तुतीच्या रेशीमकिड्याचा.)

ल्युर म्हणजे काय, आणि घेताना काय पाहावे

गुलाबी बोंडअळीचा कामगंध १९७३ मध्ये ओळखला गेला. त्याचे नाव गॉसिप्ल्युर. गंमत अशी की यातही सोळा कार्बनची साखळी आणि दोनच दुहेरी बंध आहेत. फरक बंधांच्या जागेत आणि त्यांच्या वळणात, आणि शिवाय यात दोन भावंडे साधारण निम्मी-निम्मी मिसळलेली असतात. हे वळण किती महत्त्वाचे? बुटेनांट यांच्या चमूने बॉम्बिकॉलची चारही वळणे प्रयोगशाळेत बनवून नरापुढे धरली. बरोबर वळणाला नराने जितक्या कणभर मालात दाद दिली, तितकी दाद मिळवायला चुकीच्या वळणांचा माल कितीतरी लाख पट जास्त लागला. म्हणून स्वस्तात मिळालेले, वेष्टन नसलेले, सुटे ल्युर घेऊ नये. रबर तेच दिसते, आतले प्रमाण चुकले तर नर फिरकत नाही आणि आपण समजतो की वावरात पतंग नाहीत.

दुकानात "बोंडअळीचे ल्युर द्या" एवढेच म्हणू नये. गुलाबी बोंडअळीचे ल्युर पेक्टिनोल्युर किंवा गॉसिप्ल्युर नावाने मिळते. हेलिल्युर हे हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीचे. स्पोडोल्युर हे पाने खाणाऱ्या अळीचे. हेलिल्युरच्या सापळ्यात गुलाबीचा पतंग येणार नाही, कितीही असला तरी. वेष्टनावर किडीचे नाव, बनवल्याची तारीख आणि मुदत तिन्ही पाहावे. वेष्टन चांदीच्या कागदाचे, बंद असावे. कुठे टोक फाटले असेल तर ते ल्युर दुकानातच उडून गेले असे समजावे.

ल्युरमध्ये गंध असतो मोजक्या मिलिग्रॅमचा, म्हणजे बुटेनांट यांना ५ लाख माद्यांतून जितका मिळाला त्याच मापाचा. तो रबरातून हळूहळू उडतो. त्यामुळे हंगामाची सगळी ल्युर एकदम घेऊन टिनाच्या कोठ्यात ठेवणे म्हणजे उन्हात कापूर उघडा ठेवणे. लागेल तेवढेच घ्यावे. ठेवायचेच असेल तर बंद वेष्टनात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात.

आता हाताचे. तोंडात खर्रा, बोटाला तंबाखू-चुन्याचा लगदा, आणि त्याच बोटांनी ल्युर खोचले की रबरावर परका वास आणि तेलकट थर बसतो. फवारणीच्या पंपाला लावलेला हात तर नकोच. हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत, किंवा वेष्टनाच्याच कागदाने धरून ल्युर खाचेत बसवावे. दोन किडींची ल्युर एकाच दिवशी लावायची असतील तर मध्ये हात धुवावेत.

सापळा उभा करणे

नरसाळ्याच्या सापळ्याचे भाग चारच: वरची छत्री, तिच्या पोटात ल्युर खोचायची खाच, खाली नरसाळे, आणि नरसाळ्याला रबराने अडकवलेली लांब पिशवी. ल्युर छत्रीखालच्या खाचेतच हवे. काही जण ते पिशवीत टाकतात. मग गंध पिशवीत कोंडतो, नर बाहेरच घिरट्या घालतो. नरसाळ्याच्या तोंडातून खाली घसरलेला पतंग पुन्हा वर चढू शकत नाही, तो पिशवीत फडफडून मरतो. म्हणून पिशवी ताठ आणि पूर्ण लांब सोडलेली असावी. तिला पीळ पडला असेल तर पतंग नरसाळ्याच्या गळ्यातच अडकतात. पिशवीचे खालचे टोक दुमडून सुतळीने बांधावे, गाठ ओढली की सुटेल अशी. तिथे सुईने दोन-तीन बारीक छिद्रे पाडावीत, पाणी निघून जाते. काडीने पाडलेले मोठे भोक मात्र पतंगालाही पुरते.

बांबू सात फुटांचा घ्यावा. तुराटी वाऱ्यात टिकत नाही. काळ्या जमिनीला पावसात पाणी लागले की नुसता खोचलेला बांबू दोन दिवसांत आडवा होतो, म्हणून सब्बलीने दीड फूट खड्डा करून, दगड घालून ठोकावा. सापळ्याचे तोंड पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर असावे. पीक वाढते, सापळा आपोआप वाढत नाही. ऑगस्टमध्ये कमरेएवढा लावलेला सापळा ऑक्टोबरमध्ये पानांत बुडतो, गंध पानांतच अडकतो आणि आकडा खाली येतो. कास्तकार म्हणतो, पतंग कमी झाले. म्हणून बांबूला सुरुवातीलाच वीतभर अंतराने तीन-चार खाचा करून ठेवाव्यात आणि दर पंधरवड्याला सापळा एक खाच वर न्यावा.

पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे पात्या (फुलांच्या कळ्या) धरायला लागताच सापळे उभे राहावेत. जूनच्या मध्याला पेरणी झाली असेल तर हा काळ जुलैअखेरचा. नजर ठेवण्यासाठी एकरी २ सापळे पुरतात. एक एकर म्हणजे साधारण २०८ फूट बाय २०८ फूट. दोन्ही सापळे धुऱ्यापासून पन्नास फूट आत आणि एकमेकांपासून शंभर फुटांच्या वर अंतरावर ठेवावेत. पतंग वाऱ्याच्या उलट दिशेने, गंधाचा माग काढत येतो. तेव्हा गंधाचा पट्टा पिकावरून जाईल अशा बाजूला, म्हणजे पावसाळ्यात पश्चिमेकडच्या निम्म्या भागात, एक सापळा असलेला बरा. कडुनिंबाच्या झाडाखाली, विहिरीच्या दिव्याजवळ किंवा नेमका धुऱ्यावर लावू नये. धुऱ्यावरचा सापळा शेजाऱ्याचे पतंग मोजतो.

ल्युर कधी बदलायचे ते वेष्टनावर लिहिलेले असते. साधारण तीन ते चार आठवडे. ऑक्टोबरच्या उन्हात तीनच धरावेत. बदलल्याची तारीख छत्रीवर खडूने नको, पावसात जाते. मार्करने लिहावी. काढलेले ल्युर वावरात फेकू नये. त्यात उरलेला गंध नरांना तिकडे ओढतो. जुन्याच वेष्टनात घालून वावराबाहेर खोल पुरावे.

सकाळची मोजणी

सगळ्या कामात हे जास्त महत्त्वाचे आणि हेच राहून जाते. गुलाबी बोंडअळीचे पतंग रात्री उशिरा, मध्यरात्रीनंतर जास्त हलतात. त्यामुळे मोजणी सकाळी, डवरणीला किंवा बायांना काम नेमून द्यायला जाता तेव्हाच. पिशवीचे तोंड एका हाताने मुरगळून धरावे, खालची गाठ सोडावी, टोक पांढऱ्या ताटलीवर किंवा वहीच्या पानावर धरून पिशवी झटकावी. जिवंत पतंग असतील तर आधी पिशवी बाहेरून हळूच चुरावी, नाहीतर निम्मे उडून जातात.

ताटलीत जे पडले ते सगळे गुलाबीचे नसते. गुलाबी बोंडअळीचा पतंग लहान, बसलेला असताना जेमतेम तांदळाच्या दाण्याहून मोठा, राखी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट ठिपके आणि मागच्या पंखांना झालर. अमेरिकन बोंडअळीचा पतंग बराच मोठा आणि पिवळसर गव्हाळ, तो मोजू नये. मुंगळे, माश्या, चिलटे बाजूला. मुंग्यांनी पतंग खाऊन नुसते पंख ठेवले असतील तर चार पंखांचा एक पतंग धरावा आणि बांबूच्या बुडाला ग्रीसचा पट्टा लावावा.

मोजून झाले की पिशवी रिकामी करून पुन्हा बांधायची. रोज रिकामी केली नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही, कारण फवारणी ठरवायची पातळी एका रात्रीची आहे: एका सापळ्यात एका रात्रीत ८ पतंग, आणि असे सलग ३ रात्री. समजा सोमवारी दोन सापळ्यांत ९ आणि ८ आले, मंगळवारी ११ आणि ८, बुधवारी ५ आणि ६. पातळी गाठली नाही, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याने पिशवी उघडणाऱ्याच्या हाती मात्र एकदम साठ पतंग येतात. तो घाबरून त्याच दुपारी पंप उचलतो, आणि खरे तर रात्रीचा हिशेब आठच्या वर गेला होता की नाही हे त्याला कधीच कळत नाही. रात्रभर धो-धो पाऊस होता अशी रात्र वहीत "पाऊस" म्हणून लिहावी, शून्य म्हणून नाही. पोळ्याच्या अमावस्येच्या आगेमागे एकही सकाळ चुकवू नये.

सापळ्यात फक्त नर येतात. मादी येत नाही, कारण गंध मादीचाच आहे. म्हणून आकडा वाढला की फुलांत आणि बोंडांत माद्यांचे काम पाहायचे. शंभर फुले पाहावीत. पाकळ्या आतून धाग्याने बांधल्यासारख्या, गुलाबाच्या मुक्या कळीसारख्या दिसल्या तर ती डोमकळी. आत अळी असते. शंभरात १० डोमकळ्या झाल्या की पातळी ओलांडली. बोंडे धरल्यावर वावरात आडवेतिडवे फिरून २० हिरवी, मध्यम आकाराची बोंडे तोडून फोडावीत. वरून बोंड निरोगीच दिसते, कारण अळी आत गेली की भोक बुजते. फोडल्यावर आतल्या सालीला बारीक फोड किंवा नागमोडी रेघ, सरकीजवळ पांढरी अळी. गुलाबी रंग मोठी झाल्यावर येतो, पांढरी दिसली म्हणून दुसरी अळी समजू नये. २० पैकी २ बोंडांत अळी म्हणजे १० टक्के.

आकडा गाठला, पुढे काय

मादी पात्या-बोंडांवर अंडी घालते, तीन ते पाच दिवसांत ती फुटतात, आणि बाहेर पडलेली अळी तास-दोन तासांतच बोंडात शिरते. आत गेल्यावर कुठलीही फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे सापळ्याच्या आकड्यापासून आपल्या हातात चार-पाच दिवस असतात. बोंडात गुलाबी अळी पाहून मग फवारणारा दहा दिवस उशिरा पोचलेला असतो. सापळ्याची सगळी किंमत या दहा दिवसांत आहे.

पतंग दिसू लागले पण पातळीच्या खाली आहेत, तेव्हा ट्रायकोकार्ड, म्हणजे बारीक परोपजीवी किड्यांची अंडी चिकटवलेला कागद: एकरी ६० हजार अंड्यांची, म्हणजे ३ कार्डे, तुकडे करून पानांच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी. हे परोपजीवी किडे बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालतात. आठवडाभर आधी आणि नंतर रासायनिक फवारणी नको, नाहीतर आपले पैसे आपणच मारतो. सोबत ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळीची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी ढवळून फडक्यातून गाळावी, १ लिटर पाण्यात विरघळवलेली २०० ग्रॅम साबणाची पावडर त्यात घालून एकूण १०० लिटर करावे आणि त्याच दिवशी वापरावे. मागच्या वर्षीची बुरशी आलेली निंबोळी घेऊ नये.

पातळी ओलांडली तर रासायनिक फवारणी. कोणते औषध, हे पीक कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची त्या हंगामाची शिफारस कृषी विज्ञान केंद्रात मिळते. एका वेळी एकच औषध. दोन-तीन बाटल्यांची खिचडी करून दुपारच्या उन्हात, उंच दाट पऱ्हाटीत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारल्याने काय होते हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. मोजमापाने एक जरी फवारणी वाचली तरी सापळ्याचे पैसे वसूल.

आकडा आणि बोंड जुळत नाहीत तेव्हा

सापळा रिकामा, पण डोमकळ्या सापडतात. आधी ल्युरची तारीख आणि सापळ्याची उंची पाहावी. तिथे चूक नसेल तर बुटेनांट यांचीच पद्धत वापरावी: माणसाच्या नाकाला हा वास कळत नाही, तेव्हा नरालाच विचारायचे. एका सापळ्यात नवे ल्युर, दुसऱ्यात जुनेच, तीन रात्री. नव्यात पतंग आले आणि जुन्यात नाही, तर दोष ल्युरचा. दोन्हीकडे सारखेच आले तर ल्युर ठीक. दोन्ही रिकामे राहिले आणि डोमकळी वाढतच असेल, तर बाहेरून गाभण माद्या उडून येत असण्याचा संभव जास्त. त्या अंडी घालतात, पण सापळ्यात दिसत नाहीत. हंगामाच्या शेवटी आणखी एक होते. वावरात खऱ्या माद्याच इतक्या असतात की नर रबराकडे कशाला येईल? तेव्हा घसरलेल्या आकड्यावर विसंबू नये, बोंडे फोडावीत.

आणि ज्यांनी मीलन रोखणाऱ्या गंधाच्या दोऱ्या पऱ्हाटीला बांधल्या आहेत, त्यांच्या वावरात सापळा रिकामाच राहिला पाहिजे. सगळीकडे गंधच गंध असल्याने नराला मादी सापडत नाही आणि सापळाही सापडत नाही. तिथे पतंग येऊ लागले तर दोऱ्यांचा गंध संपला.

एकरी ८ ते १० सापळे लावून पतंगच पकडून संपवावेत, असेही करतात. एकट्याच्या दोन एकरांत त्याचा फायदा थोडा. एक नर अनेक माद्यांना पुरतो, शंभरातले ऐंशी पकडले तरी उरलेले वीस काम भागवतात, आणि शेजारून गाभण माद्या येतातच. शिवाराने मिळून, लागोपाठच्या वावरांत, पात्या धरण्याच्या आधीपासून केले तर अर्थ आहे.

वेचणी संपल्यावर

सापळ्याचे काम डिसेंबरात संपत नाही. अळी सरकीत, किडक्या वाळल्या बोंडांत आणि घराजवळ जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत सुप्तावस्थेत पडून राहते आणि मे-जूनपासून पतंग होऊन निघते. त्या वेळी वावरात पात्या नसतील तर त्या पतंगांची पुढची पिढी वाढतच नाही. म्हणूनच जूनच्या आधी पेरलेली पऱ्हाटी सगळ्या गावाची बोंडअळी पोसते, आणि पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवलेली फरदडही. बीटी (अळीला मारणारे जनुक घातलेल्या) वाणावर भिस्त ठेवण्याचे दिवस गेले. दोन जनुकांच्या वाणालाही ही अळी आता दाद देत नाही. गंजी ठेवायचीच असेल तर तिच्याजवळ एक सापळा उन्हाळाभर ठेवावा आणि जिनिंगच्या आवारात, सरकीच्या गोदामाशीही. तिथला मे महिन्याचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. जुलैत वावरातले सापळे किती आधी उभे करायचे ते त्यावरून ठरवता येते.

नरसाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत, वासाचा साबण नको. खताच्या आणि औषधाच्या पोत्यांजवळ ठेवू नयेत. फाटलेल्या पिशव्या बदलाव्यात, त्या सुट्या मिळतात. नरसाळे जपले तर तीन-चार हंगाम चालते, ल्युर मात्र दर वेळी नवे.